काम आधीं, बलुतें मागून

आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंना खळ्यावरचा व्यवहार नव्यानें सांगावयास नको. सुतारानें वर्षभर नांगर-कुळव दुरुस्त करावे, लोहारानें फाळास पाणी द्यावें, चांभारानें मोट शिवावी, आणि मळणी झाली म्हणजे खळ्यावर येऊन आपापल्या पेंढ्या उचलाव्या. काम आधीं, बलुतें मागून, असा तो रिवाज होता. त्या पद्धतींत कारागिरांची झालेली नागवणूक आणि अस्पृश्य गणलेल्या बंधूंवर झालेला जुलूम आम्ही विसरलों नाहीं; ती पद्धत मोडली हें बरेंच झालें. परंतु तींतली एक गोष्ट न्यायाची होती. "यंदा मी नांगर भरणार आहें, सबब माझें सालाचें बलुतें पेरणीपूर्वींच मोजून द्या," असें म्हणण्याची कोणा कारागिराची छाती नव्हती. आणि कोणी म्हटलें असतें तर गांवानें त्यास वेड्यांत काढलें असतें.

आज मात्र असा एक नवा बलुतेदार गांवोगांव फिरूं लागला आहे, आणि त्यास वेड्यांत काढण्याऐवजीं गांव, जिल्हा व सरकार असे तिघेही त्याच्यापुढें पायघड्या घालीत आहेत. हा बलुतेदार म्हणजे मोठा कारखानदार. तो म्हणतो, "मी नवा कारखाना काढणार आहें, जुना वाढविणार आहें, इतके हजार लोक कामास लावणार आहें, सबब मला जमीन स्वस्त द्या, रस्ता व पाणी दारांत आणून द्या, विजेवरील शुल्क सोडा, खरेदीखताचा स्टॅम्प माफ करा, आणि माझ्या मालावर जो कर गिऱ्हाइकांकडून गोळा होईल त्यांतला राज्याचा हिस्साही मलाच परत द्या." इतकें मागून झाल्यावर तो बजावतो, "न द्याल तर शेजारच्या राज्यांत जाईन." आणि आमचे कारभारी घाबरे होऊन हात जोडतात.

ह्यांतली भाषेची चलाखी पाहा. अवर्षणानें नागवलेल्या शेतकऱ्याचें कर्ज सोडलें, म्हणजे शहरांतले शहाणे लोक तिला 'खैरात' म्हणतात. ह्यानें शेतकरी आळशी होईल, बँका बुडतील, अशीं प्रवचनें सुरू होतात. कारखानदाराचा कर सोडला म्हणजे तिला 'प्रोत्साहन' म्हणावयाचें! रुपया तोच, तिजोरी तीच, भरणारे हात तेच. फक्त घेणारा बदलला कीं भिकेचें नांव बदलून बक्षीस होतें. गांवच्या लोहाराची घरपट्टी थकली तर त्याच्या दारीं नोटीस लागते, त्यास दाखल्यासाठीं खेटे घालावे लागतात. त्याला 'प्रोत्साहन' देण्याचें कोणाच्या स्वप्नांतही येत नाहीं.

कोणी आम्हांस कारखान्यांचे वैरी म्हणतील म्हणून आधींच सांगतों. आम्ही कारखान्यांचे वैरी नाहीं. पांच एकर जमीन चार भावांत वांटली म्हणजे एकेकास काय उरतें तें आम्हांस ठाऊक आहे. सुताराच्या मुलाला यंत्र चालवावयास मिळालें, शेतकऱ्याच्या मुलीला महिन्याचा पगार मिळाला, तर त्यांत आम्हांस आनंदच आहे. सरकारनें धंद्यास हात देऊं नये असेंही आमचें म्हणणें नाहीं. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९०६ सालीं कोल्हापुरास कापडाची गिरणी उभारली ती दरबारच्या पाठबळावरच. गुळाच्या व्यापारासाठीं त्यांनीं शाहूपुरीची पेठ वसविली, शेतीच्या पाण्यासाठीं राधानगरीचें धरण हातीं घेतलें. त्यांच्या मदतीचा झरा रयतेच्या शेतांकडे व हातांकडे वाहात होता.

आणि आम्ही जात पाहून निवाडा करणारे नव्हों. लक्ष्मणराव किर्लोस्कर ब्राह्मण, आणि औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि हेही ब्राह्मण. तरी त्यांचें उदाहरण आम्ही मोकळ्या मनानें पुढें ठेवतों. बेळगांवच्या म्युनिसिपालिटीनें नव्या वस्तीसाठीं किर्लोस्करांस कारखान्याची जागा सोडावयास लावली, तेव्हां १९१० सालीं औंधकरांनीं त्यांस कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचें कर्ज दिलें. ती जागा निवडुंगानें भरलेलें माळरान होतें. कोणाच्या तोंडचा घांस काढून दिलेली नव्हती. कर्जास कर्जच म्हटलें होतें. आणि त्या माळावरून बाहेर काय पडलें ? शेतकऱ्याच्या कामाचा लोखंडी नांगर ! अशी मदत आम्ही डोक्यावर घेऊं.

ह्याच्या उलट चित्र मुळशी पेट्याचें. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठीं सरकारनें १८९४ च्या जमीन-संपादन कायद्याचा सोटा उगारून मावळ्यांच्या भातजमिनी कंपनीस मिळवून दिल्या. मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह केला, तुरुंग भोगला. तरी धरण झालें, जमिनी पाण्याखालीं गेल्या, आणि वीज मुंबईस गेली. तेव्हां प्रश्न मदत द्यावी कीं न द्यावी हा नाहींच. ती केव्हां द्यावयाची, कोणत्या लेखावर द्यावयाची, आणि कोणाच्या समोर द्यावयाची, हा खरा प्रश्न आहे.

बलुतें आधीं दिल्यानें काय होतें, ह्याचें एक ताजें उदाहरण वाचकांपुढें ठेवतों. तें घडलें अमेरिकेंत. पण त्याचा धागा आमच्या तळेगांवापर्यंत आलेला आहे, म्हणून त्यास परकें समजूं नये.

फॉक्सकॉन ही तैवानांतली कंपनी. आयफोन वगैरे यंत्रें जोडून देण्यांत ती जगांत अग्रगण्य आहे. २०१७ च्या जुलै महिन्यांत तिनें अमेरिकेचे अध्यक्ष ट्रंप यांच्या समक्ष जाहीर केलें कीं, विस्कॉन्सिन राज्यांत आम्ही १००० कोटि डॉलर घालून दूरदर्शनच्या पडद्यांचा कारखाना काढूं आणि १३,००० लोकांस काम देऊं. दोन महिन्यांच्या आंत राज्यानें कायदा करून सुमारें ३०० कोटि डॉलरांची सवलत कबूल केली. म्हणजे एकेका नोकरीमागें सव्वादोन लक्ष डॉलरांहून अधिक ! राज्याच्याच हिशेबनिसांनीं सांगितलें होतें कीं, सर्व कांहीं बोलल्याप्रमाणें घडलें तरी हा पैसा भरून निघण्यास २०४२-४३ साल उजाडेल. पण वाजंत्री सुरू झाल्यावर हिशेबनिसाचें कोण ऐकतो ? २०१८ च्या जून महिन्यांत पायाभरणी झाली आणि अध्यक्षमहाराजांनीं ह्या कारखान्यास जगांतलें आठवें आश्चर्य म्हणून घेतलें.

जागा ठरली ती रसीन जिल्ह्यांतल्या माउंट प्लेझंट गांवाच्या हद्दींत. गांवाची वस्ती सुमारें २७ हजार; भोंवतीं मक्याचीं व कोबीचीं शेतें. गांव आणि जिल्हा यांनीं मिळून ७६ कोटि ४० लाख डॉलरांचा खर्च अंगावर घेतला. जमीन विकत घ्यावयाची, पाण्याचे व मैल्याचे नळ टाकावयाचे, रस्ते करावयाचे. त्यासाठीं पैसा कोठून आणला ? कर्ज काढून. फेड कशांतून व्हावयाची ? कारखाना उभा राहिल्यावर जी वाढीव घरपट्टी येईल तींतून. म्हणजे रेडकू जन्मण्याआधींच म्हशीच्या दुधावर सावकाराचें कर्ज उचलण्यांतला प्रकार ! शेतवाल्यांना दर चांगला मिळाला. पण लहान घरवाल्यांस तो दर नव्हता, आणि त्यांतले कित्येक उठावयास तयार नव्हते. तेव्हां गांवच्या पंचांनीं २०१८ सालीं सुमारें २८०० एकरांचा सगळा टापूच कायद्याच्या भाषेंत 'बकाल' ठरविला. लोकांनीं कष्टानें बांधलेलीं नीटनेटकीं घरें, भोंवतालची हिरवीगार शेतें. आणि कागदावर तीं बकाल! ज्याची जागा हवी असते त्याला आधीं नांव ठेवावयाचें, ही युक्ति आमच्याकडेही अनोळखी नाहीं. बागाईत जमीन सरकारी कागदावर जिराईत कशी होते, तें आमच्या वाचकांनीं डोळ्यांनीं पाहिलें असेल.

पुढें काय झालें ? करारांतल्या अटीप्रमाणें २०१८ अखेर निदान २६० माणसें कामावर हवीं होतीं. तपासणींत ११३ भरलीं. २०१९ अखेर निदान ५२० हवीं होतीं, भरलीं २८१. शेवटीं २०२१ च्या एप्रिलांत नवा करार झाला. त्यांत १३,००० नोकऱ्यांच्या झाल्या १,४५४. १००० कोटि डॉलरांच्या भांडवलाचे झाले ६७ कोटि २० लाख. आणि ३०० कोटींच्या सवलतीची झाली ८ कोटि. आठवें आश्चर्य तें हेंच !

आतां येथें नीट लक्ष द्या, कारण सगळी शिकवण ह्यांतच आहे. राज्यानें करांतली सवलत देतांना असें लिहून घेतलें होतें कीं, माणसें मोजूं आणि मग पैसे देऊं. म्हणून माणसें कमी भरतांच राज्यानें २०२० सालीं परतावा नाकारला, आणि ठरलेल्या सवलतीचा फार मोठा भाग वांचला. गांवानें मात्र आपला खर्च आधींच करून टाकला होता. घरें पडून गेलीं होतीं, नळ जमिनींत गेले होते, कर्ज डोक्यावर बसलें होतें. एकाच कारखानदाराशीं दोघांनीं व्यवहार केला. ज्यानें बलुतें खळ्यावर ठेवलें तो वांचला. ज्यानें पेरणीआधीं मोजून दिलें तो अडकला. तरी गांव पुरतें बुडालें नाहीं, तें एका कलमामुळें. कारखाना बांधा वा न बांधा, १ जानेवारी २०२३ पासून तुमची मालमत्ता निदान १४० कोटि डॉलरांची आहे असें समजून घरपट्टी भरावी लागेल, असें त्या गांवानें लिहून घेतलें होतें. त्या कलमानें गांवास तारलें. त्याच पट्ट्यांतली कांहीं जमीन २०२३ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें संगणकांच्या कोठारासाठीं घेतली. परंतु ज्यांचीं घरें गेलीं त्यांचीं घरें परत आलीं नाहींत.

आतां हा धागा तळेगांवास कसा येतो तें पाहा. ह्याच फॉक्सकॉन कंपनीनें २०१५ च्या ऑगस्ट महिन्यांत, म्हणजे अमेरिकेंतल्या सोहळ्याच्या दोन वर्षें आधीं, महाराष्ट्र सरकारशीं सामंजस्य करार केला होता. पांच वर्षांत ५०० कोटि डॉलर घालूं, ५०,००० नोकऱ्या देऊं, असें त्यांत होतें. तळेगांवच्या माळावर जणूं सोन्याचा पाऊस पडणार अशी हांकाटी झाली. बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी ! २०२० च्या जानेवारींत उद्योगमंत्र्यांनीं जाहीर केलें कीं हा कारखाना कांहीं होत नाहीं.

तरी आमचे पुढारी शहाणे झाले नाहींत. २०२२ च्या सप्टेंबरांत वेदान्त आणि फॉक्सकॉन या जोडीनें १ लक्ष ५४ हजार कोटि रुपयांच्या कारखान्याचा करार गुजराथशीं केला, तेव्हां 'तळेगांवच्या तोंडचा घांस गेला' म्हणून महाराष्ट्रांत शिमगा झाला. एका पक्षानें दुसऱ्यास शिव्या घातल्या, दुसऱ्यानें पहिल्यास. पण 'तो घांस शिजला होता कां ?' हें कोणी विचारलें नाहीं. दहा महिन्यांच्या आंत, २०२३ च्या जुलैंत, फॉक्सकॉननें त्या जोडींतून अंग काढून घेतलें. गेलें तें महाराष्ट्राचें, आणि मिळालें तें गुजराथचें, तें दोन्ही कागदच होते ! दोन भाऊ भांडले आणि ज्याच्यासाठीं भांडले तो पाहुणा जेवणास आलाच नाहीं.

आतां आमच्या घरचें पाहूं. महाराष्ट्रांत सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ सालापासून आहे. तिचा मूळ हेतु चांगला होता: मुंबई-पुण्याची गर्दी सोडून कारखाने मागासलेल्या तालुक्यांत जावे. म्हणून तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड-अधिक असे वर्ग पाडले. जितका तालुका मागासलेला तितकी सवलत मोठी. हें आम्हांस मान्य आहे. परंतु पुढें त्या योजनेंत 'विशाल' आणि 'अतिविशाल' प्रकल्प नांवाचें दार उघडलें. त्या दारानें आलेल्यास खास ठरावानें खास सवलत. आणि तें दार पुढारलेल्या भागांतल्या कारखान्यांसही मोकळें झालें. जी शिदोरी मेळघाट, मराठवाडा, माण-खटाव ह्यांच्यासाठीं बांधली, ती आधींच जेवलेल्या पंगतींत वाढली गेली.

आणखी एक शब्द वाचकांनीं ध्यानांत धरावा. २०१३ च्या योजनेंत विशाल प्रकल्प कोणास म्हणावयाचें तें सांगतांना दोन मापें दिलीं आहेत: इतके कोटि भांडवल 'किंवा' इतकीं माणसें. ह्या एका 'किंवा' मध्यें आमच्या पोरांचें नशीब अडकलें आहे ! भांडवल घालून यंत्रें आणलीं, यंत्रांनीं माणसांचें काम केलें, तरी 'विशाल' ठरावयास अडचण नाहीं. सवलत मागावयाची ती बेकारांचें नांव पुढें करून, आणि मिळवावयाची ती यंत्रांची किंमत दाखवून. 'किंवा' च्या जागीं 'आणि' हा एक शब्द घालावयास किती शाई लागते ?

नोकऱ्यांची मोजणी हा आणखी एक खेळ आहे. सरकारचा नियम असा कीं, कारखान्यांतल्या एकंदर नोकरांत शेंकडा ८० स्थानिक असावे आणि देखरेखीच्या जागांवर शेंकडा ५०. नियम वाचावयास गोड आहे. पण 'स्थानिक' म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी. ज्याची जमीन गेली त्या गांवचा असें नव्हे. आणि कंत्राटदाराच्या हजेरीपटावर जो आज आहे व उद्यां नाहीं, त्याला नोकरी म्हणावयाचें कीं रोजंदारी ? ज्या शेतांत धनी म्हणून उभा होता, त्याच शेतावर उभ्या राहिलेल्या भिंतीच्या फाटकांत तो कंत्राटी पहारेकरी म्हणून उभा राहतो. ही एक नोकरी 'निर्माण' झाली असें कागदावर लिहिलें जातें. जी शेती गेली तिच्यावर चार घरांचीं पोटें होतीं, तें कोठेंही लिहिलें जात नाहीं.

आतां गांवपंचायतीकडे वळूं, कारण तेथील किल्ली आमच्याच हातीं आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचें १२४ वें कलम पंचायतीस इमारतींवर व जमिनींवर कर बसविण्याचा अधिकार देतें. १२५ व्या कलमानें पंचायतीस अशीही मुभा आहे कीं, कारखान्याशीं करार करून ह्या करांच्या बदलीं ठोक रक्कम घ्यावी. ठोक रक्कम घेणें मुळांत वाईट नाहीं. पण ती ठरतांना कारखान्याच्या इमारतींचें मोजमाप झालें कां, नियमानें कर किती झाला असता, आणि ठोक रक्कम त्याच्या किती आणे पडते, हें गांवास कळलें पाहिजे. कारखाना दुप्पट वाढला आणि ठोक रक्कम जुनीच राहिली, तर ती वाढ गांवानें फुकट दिली असा त्याचा अर्थ आहे. कारखाना वाढला म्हणजे मालमोटारींनीं गांवचा रस्ता फुटतो, कामगारांच्या खोल्यांनीं वस्ती तिप्पट होते, विहिरीचें पाणी उतरतें, ओढ्यांत घाण येते, शाळेचे वर्ग कमी पडतात. हा सगळा खर्च गांवाचा. आणि कर सोडून दिला तोही गांवानेंच! मोटेचा बैल आमचा, विहीर आमची, आणि पाणी शेजाऱ्याच्या पाटाला.

हें सारें घडतें कां ? आमचे लोक मूर्ख आहेत म्हणून नव्हे. दप्तर त्यांच्या हातीं नाहीं म्हणून. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हांपासून आमच्या चळवळीचें हेंच सांगणें आहे कीं, लिहिणारा एक व अंगठा उठविणारा दुसरा, असें जेथें असेल तेथें अंगठा उठविणाराच नागवला जाणार. शाहू महाराजांनीं आपल्या संस्थानांतलीं कुळकर्णी वतनें १९१८ सालीं मोडून तलाठी नेमले, तें कशासाठीं ? गांवाचें दप्तर एका घराच्या फडताळांत बंद राहूं नये म्हणून. आज नवें कुळकर्णीपण जन्मास आलें आहे. त्याला जात नाहीं. तें इंग्रजींत लिहिलेल्या करारांत, सल्लागार कंपन्यांच्या अहवालांत आणि 'व्यापारी गुपित' ह्या शिक्क्यांत राहतें. पूर्वीं शेटजी, भटजी आणि लाटजी असे तिघे वेगळे वेगळे दिसत. आतां त्या तिघांचें काम एकाच फाईलींत होतें. आणि त्या फाईलीवर सही करणारा पुष्कळदां आमच्यांतलाच, आमच्याच मतांनीं निवडून आलेला असतो, हें आम्ही लपवीत नाहीं. बहुजनसमाजाचा माणूस गादीवर बसला म्हणजे बहुजनसमाज गादीवर बसला, ह्या भ्रमांत आम्ही फार वर्षें घालविलीं.

आमच्या विरोधकांचा मोठा आक्षेप हा कीं, "अटी घातल्या तर कारखाना निघून जाईल." आम्ही विचारतों, जो कारखानदार 'काम करीन मग घेईन' एवढें लिहून देण्यास भितो, तो काम करणार हें कशावरून ? बैल विकत घेतांना आम्ही त्याचे दांत पाहतों, त्यास चार पावलें चालवून पाहतों. बैलाचा धनी तेवढ्यानें रागावून निघून गेला तर आम्ही समजतों कीं बैल अडेल होता. कारखाना चालावयास पाणी लागतें, वीज, रस्ता, बंदर आणि कसलेले हात लागतात. हीं ज्या गांवांत आहेत तेथें तो येतो. हीं ज्या गांवांत नाहींत तेथें नुसत्या माफीच्या कागदावर तो टिकत नाहीं. म्हणून जो रुपया आपण माफींत घालवितों तोच रस्त्यांत, पाण्यांत आणि पोरांच्या हुन्नरशाळेंत घातला, तर कारखाना गेला तरी रस्ता, पाणी व हुन्नर गांवांतच राहील. दोन राज्यें एकमेकांवर बोली चढवूं लागलीं म्हणजे लिलांव कशाचा होतो ? तिजोरीचा. आणि हातोडा कोण मारतो ? ज्यास ती लुटावयाची तोच.

तेव्हां आम्ही काय मागतों तें स्पष्ट सांगतों.

पहिली गोष्ट, सवलतीचा व जमिनीचा प्रत्येक करार मराठींत लिहावा आणि सही होण्यापूर्वीं ग्रामसभेंत मोठ्यानें वाचून दाखवावा.

दुसरी गोष्ट, पैशाची वा कराची सवलत काम मोजल्यावर द्यावी; वर्षअखेर हजेरीपट तपासून, कायम किती, कंत्राटी किती, जमीन गेलेल्या घरांतले किती, हें निरनिराळें मोजावें.

तिसरी गोष्ट, शब्द मोडला तर दिलेलें व्याजासकट परत घेण्याचें कलम असावें. आणि माउंट प्लेझंटच्या गांवानें लिहून घेतलें तसें, कारखाना बांधा वा न बांधा, अमुक किमतीवर कर भरावाच लागेल असें किमान मूल्याचें कलम असावें.

चौथी गोष्ट, पंचायतीचा कर सरकारनें परस्पर सोडूं नये. ठोक रक्कम घ्यावयाची तर मोजमाप करून, ठराविक वर्षांपुरती, आणि कारखाना वाढला कीं ती वाढेल अशी घ्यावी.

पांचवी गोष्ट, कारखान्यासाठीं घेतलेली जमीन ठरल्या मुदतींत कामीं लागली नाहीं तर ती मूळ धन्यास परत मिळावी. तिच्यावर बंगल्यांचे भूखंड पाडून विकूं नयेत.

आणि सहावी गोष्ट, कोणास किती दिलें आणि त्यानें बदल्यांत काय केलें, ह्याची यादी दरसाल पंचायतीच्या भिंतीवर लावावी. शेतकऱ्याच्या थकबाकीची यादी चावडीवर लागते, मग कारखानदाराच्या सवलतीची कां लागूं नये ?

हें होईपर्यंत आमच्या वाचकांनीं हात बांधून बसूं नये. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर ह्या दिवशीं भरते. त्या दिवशीं झेंडावंदन करून घरीं न जातां सभेंत बसा, आणि 'आपल्या हद्दींतल्या कारखान्याशीं काय करार आहे?' एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर मिळालें नाहीं तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें दहा रुपयांचा अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसास ते दहा रुपयेही पडत नाहींत. ज्यास लिहितां येत नाहीं त्यानें आपल्या शाळकरी मुलीकडून लिहून घ्यावें. सावित्रीबाईंनीं तिच्या हातीं लेखणी दिली ती अशाच कामासाठीं. बायांनीं तर अवश्य सभेस जावें, कारण विहिरीचें पाणी उतरलें म्हणजे पहिली पायपीट त्यांचीच होते.

कारखानदारास आमचा एवढाच निरोप आहे. या, आनंदानें या. आमच्या मुलांस काम द्या, हुन्नर द्या, योग्य पगार द्या, ओढा स्वच्छ ठेवा, गांवचा कर भरा. वर्ष सरलें म्हणजे आम्हीही खळ्यावर कंजूषपणा करणार नाहीं. जें ठरलें असेल तें मापून, वर ओंजळभर अधिक घालून देऊं. पण पेरणी तुमची व्हावयाची आहे, आणि खळें अजून सारवलेलेंही नाहीं. आज पेंढी मिळणार नाहीं.